कोऱ्या रोलची चौकशी

१

रोल कोरा निघाला, आणि खोलीतले चौघंही टेबलाभोवती उभेच राहिले.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत टेबलावर प्लास्टिकचं पाकीट होतं. पाकिटात फिल्मच्या पट्ट्या होत्या. चौकशीसाहेबांनी त्या एकेक करून खिडकीकडे धरल्या. पट्ट्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. पलीकडच्या गॅलरीचा गंजका कठडा तेवढा त्यांतून दिसत होता.

साहेबांची हयात विमा कंपनीत गेली होती. आग लागली की लावली, गाडी चोरीला गेली की विकून टाकली, हे शोधून काढायचं त्यांचं काम. ऑफिसने ठेवलेलं ‘चौकशीसाहेब’ हे नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं होतं. बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायची.

ती जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो काढण्याचं वेड तिचं होतं, तेही जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर, आणि तेही जमेल तितक्या काटकसरीने. तिच्यासारखेच आणखी तीन वेडे तिने गोळा केले होते. स्टुडिओवाला हा त्यांतला एक. त्याचा धंदा आता ओळखपत्राच्या फोटोंवर कसाबसा तग धरून होता. दुसऱ्या होत्या डॉक्टरबाई, दातांच्या. तिसरी साहेबांची मेहुणी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई, पण बहिणीमुळे सगळे तिला अजून धाकटीच म्हणायचे.

बायको धरून चौघांनी कामं वाटून घेतली होती. फिल्मचा एक लांबलचक रोल स्टुडिओत असायचा. त्यातून हव्या तेवढ्या लांबीचे तुकडे अंधारात कापायचे आणि परत परत वापरायच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरायचे. फोटो काढून झाले की धाकटी आपल्या न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून फिल्म धुवायची. तिची रसायनं सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत असायची आणि कामवाल्या बाईला त्यांना हात लावायची सक्त मनाई होती. डॉक्टरबाईंकडे एक्स-रे बघायची उजेडाची पेटी होती. तीवर फिल्म ठेवून त्या साध्या कॅमेऱ्याने तिचा फोटो घ्यायच्या, की झालं स्कॅन.

साहेब या मंडळात कधीच नव्हते. ‘तुमचे उद्योग’ असं म्हणून ते पेपरात डोकं घालायचे. आता बायकोचं कपाट आवरताना तिचा कॅमेरा सापडला, आणि आत भरलेला रोल असल्याचं कळलं, तेव्हा ते तो घेऊन स्टुडिओवाल्याकडे धावले. कारण घरात तिचा धड एकही फोटो नव्हता. सगळ्यांचे फोटो ती काढायची, तिचा कोण काढणार? ओळखपत्रावरचा एक होता, त्यात ती कुणीतरी दम दिल्यासारखी दिसत होती. आणि अलीकडे डोळे मिटले तरी साहेबांना तिचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता. हनुवटी आठवायची तर डोळे निसटायचे. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. या रोलमध्ये एखाद्या आरशात, एखाद्या काचेत ती सापडेल, एवढ्या आशेवर ते गेले पंधरवडाभर जगत होते. स्टुडिओवाल्याने रोल काढून धाकटीकडे दिला होता, तिने तो धुऊन डॉक्टरबाईंकडे नेला होता, आणि त्यांनी आज पाकीट इथे आणलं होतं.

“फिल्म आत अडकलीच नसणार, भाऊजी,” धाकटी म्हणाली. तिच्या अंगठ्याला पट्टी होती आणि डोळे लाल होते. “असं होतं कधीकधी. टोक नीट बसलं नाही, की फिल्म जागची हलत नाही. आपण आपले खटाखट फोटो काढत राहतो. ताईचं तेव्हा लक्ष थाऱ्यावर नव्हतं.”

डॉक्टरबाईंनी मान हलवली. स्टुडिओवाला जमिनीकडे बघत होता.

साहेबांनी पाकीट खिशात घातलं. सरळ गोष्ट होती, दुःखाची होती, मान्य करून घरी जायचं होतं. पण जिन्यात त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दाव्याच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या जुळल्या की त्यांना नेहमी असंच व्हायचं.

२

घरी येऊन त्यांनी कॅमेरा पुढ्यात घेतला. स्वयंपाकघरात नळ गळत होता. बंद करायला उठावं असं त्यांना वाटलं नाही, तेवढाच आवाज घरात होता.

बायको फिल्म कशी भरायची हे त्यांनी शंभरदा ऐकलं होतं, कारण ते काम ती बडबडत करायची. नव्या माणसाला शिकवतानाही तिचा एकच मंत्र असायचा. झाकण लावलं की पुढची फिल्म ओढा, आणि ओढताना कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाची, फिल्म परत गुंडाळायची गोल मूठ आपोआप फिरते का बघा. फिरली तर फिल्म चालली. नाही फिरली तर झाकण उघडा आणि पुन्हा भरा. गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी बाई ती. मूठ न बघता अख्खा रोल काढेल, हे साहेबांच्या गळी उतरेना.

मग त्यांनी कॅमेरा उलटा केला. पाठीवर एक छोटी चौकट होती. कुठली फिल्म भरली आहे ते विसरू नये म्हणून खोक्याचं झाकण फाडून तिथे खोचतात. आज चौकटीत एक झाकण होतं, कडक पुठ्ठ्याचं, छापील.

साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मंडळाने कापून भरलेल्या फिल्मला खोकं नसतंच. म्हणजे हा रोल बायकोने दुकानातून विकत आणला होता. कांद्याची जाळीसुद्धा जपून ठेवणाऱ्या बाईने. हे फोटो तिला चुकू द्यायचे नव्हते.

त्यांनी पाकिटातली पहिली पट्टी काढली आणि दिव्याखाली धरली. चित्र कुठेच नव्हतं, पण कडेला बारीक काळे आकडे होते. ते कारखान्यात उजेडानेच उमटवलेले असतात आणि फिल्म धुतली की दिसू लागतात. बायकोच्या जुन्या पट्ट्यांची फाइल त्यांनी समोर ठेवली. त्यांतल्या विकतच्या रोलांचे आकडे एकापासून सुरू होत होते. लांब रोलातून कापलेल्यांचे वाटेल तिथून.

हातातल्या पट्टीचा पहिला आकडा होता एकोणीस.

ही त्यांच्या बायकोची फिल्म नव्हतीच.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुडिओत गेले तेव्हा स्टुडिओवाला पडद्यापुढच्या स्टुलावर स्वतःच बसला होता. गिऱ्हाईक नव्हतं. साहेबांना बघून तो उठला आणि चहा सांगायला निघाला, तर साहेबांनी त्याला परत बसवलं.

विम्याच्या कामात त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती. माणसाला ‘काय झालं’ असं विचारू नये, ‘हाताला काय लागलं’ असं विचारावं. त्यांनी तसंच विचारलं. कॅमेऱ्यातून रोल काढताना मूठ कशी लागली?

स्टुडिओवाला हवेत हात फिरवून दाखवू लागला. आधी कडक होती. बराच वेळ कडकच. मग आतून टक्‌ झालं आणि एकदम सैल. एवढं बोलून त्याचा हात हवेतच थांबला.

“अडकलीच नसती तर पहिल्यापासून सैल लागली असती,” साहेब म्हणाले. “हे तुम्हाला काल माहीत होतं.”

स्टुडिओवाल्याने कानावर हात ठेवले नाहीत. हो म्हणाला. मग तो जे बोलला ते साहेबांना अनपेक्षित होतं. वहिनी होत्या तेव्हा आपलं त्यांच्याशी भांडण व्हायचं, फिल्म पक्की करायचा फिक्सर मेलेला असताना मी तो आणखी एकदा वापरायला लावतो म्हणून त्या मला झापायच्या, त्यामुळे संशय माझ्यावर येणार हे दिसतच होतं. पण गप्प बसलो ते त्यासाठी नाही. बोललो असतो तर तिघांतल्या कुणाकडे तरी बोट गेलं असतं, आणि मंडळ मोडलं असतं.

“मला दुसरं कोण आहे, साहेब?” तो म्हणाला. “आठवड्यातून एकदा ही माणसं येतात. बाकी दिवसभर मी लोकांना हनुवटी वर करा, एवढंच बोलतो.”

साहेबांना त्याचा राग आला नाही. घरी आपण तेवढंही बोलत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

तर फिल्म फिरली होती. फोटो होते. आणि कुणीतरी ते ठेवून घेतले होते, किंवा नाहीसे केले होते.

४

डॉक्टरबाईंकडे ते दुपारी गेले. त्यांचा बाहेरचा बाक रिकामा होता. आत खुर्चीवरचा मोठा दिवा उगीचच चालू होता. या बाईंनी बायकोचा कॅमेरा दोनदा मागितला होता. एकदा ती आजारी असताना, आणि दुसऱ्यांदा ती गेल्यावर महिन्याभरातच. साहेबांनी दुसऱ्या वेळी फोन आपटला होता.

त्याबद्दल बाईंनी आधी माफी मागितली. मला कॅमेरा नको होता, त्या म्हणाल्या, तिची एखादी वस्तू हवी होती, आणि मागायचं कसं ते कळलं नाही. आयुष्यभर मी लोकांची तोंडं उघडून ठेवून बोलले, त्यामुळे समोरचा उत्तर देतोय याची सवय राहिली नाही. हा त्यांचा विनोद होता. दोघं थोडं हसले.

साहेबांनी विचारलं, की फिल्म धुणं तुम्हाला येतं का. बाईंनी हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली होती. एकदाच धाकटीबरोबर रसायनात हात घातले होते, तेव्हापासून त्या बाटल्यांच्या वाऱ्याला उभ्या राहात नव्हत्या. भेगाळलेले हात लोकांच्या तोंडात कसे घालणार?

“पाकीट तुमच्याकडे आलं ते कसं?”

बाई विचार करू लागल्या. नेहमी धाकटी फिल्म अख्खी गुंडाळून आणायची. मग दोघी मिळून पेटीवर पसरून बघायच्या, आणि पट्ट्या कापायच्या. त्यांच्या आठवड्यातला हा सगळ्यात आवडता वेळ होता.

“या वेळी तिने ती कापूनच आणली,” त्या सावकाश म्हणाल्या. “आणि थांबलीसुद्धा नाही.”

साहेब उठले. आता एकाच घरी जायचं राहिलं होतं, आणि तिथे जायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. बायकोच्या मागे त्यांना हक्काने रागावणारं, औषध घेतलं का विचारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

५

धाकटीने दार उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून ती बाजूला झाली. बसा म्हणाली नाही. साहेब उभ्या उभ्याच बोलले.

“अंगठा बरा आहे?”

“ओपनर निसटला होता.”

“तुमच्या मंडळाच्या डब्या हाताने पिळल्या की उघडतात. ओपनर लागतो तो विकतच्या रोलच्या पत्र्याच्या डबीला. म्हणजे तुझ्या हातात आली ती खरी डबी होती. स्टुडिओवाल्याला बदलायची असती तर त्याने डबीच बदलली असती, आणि तुझा अंगठा शाबूत राहिला असता.”

धाकटीने पट्टी बांधलेला अंगठा मुठीत लपवला.

“डॉक्टर रसायनाला हात लावू शकत नाहीत. आणि ही कोरी फिल्म कुणीतरी रीतसर धुतली आहे. आळशी माणसाने नुसत्या फिक्सरमध्ये बुडवून काढली असती, तर कडेचे आकडेही दिसले नसते. मग ‘अडकली नाही’ ही गोष्ट जमली नसती, रसायनात चूक झाली म्हणून तुझ्यावरच आलं असतं. तू लांब रोलातून तुकडा कापलास, आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग फिक्सर, सगळं नीट केलंस. फक्त आकडे कुठून सुरू होतात ते बघितलं नाहीस. पट्ट्याही घरीच कापल्यास, कारण डॉक्टरांबरोबर ती फिल्म पसरून बघायचा तुला धीर झाला नाही.”

आयुष्यात दावा फेटाळताना त्यांना कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

“ताईची चूक झाली असं तुम्ही मानाल, चार दिवस रडाल आणि विसराल, असं मला वाटलं,” धाकटी म्हणाली.

“ती असली चूक करणारी नव्हती.”

“माहितीये. सगळ्यांसमोर तिचं नाव घेताना माझी जीभ अडखळत होती.” ती खुर्चीत बसली. “ओली फिल्म वाळत घालताना दिव्यापुढे धरली. आधी मला तुमचा इतका राग आला, की वाटलं त्याच रात्री तुमच्या पुढ्यात आणून टाकावी. मग तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन केलात. काही दिसलं का, म्हणून विचारलंत. तुमचा आवाज ऐकून मला ते जमेना.”

ती आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. फिल्म आत अख्खी होती, सैल गुंडाळलेली. ती साहेबांच्या हातात देताना धाकटीने क्षणभर हात मागे घेतला.

“फेकून देववली नाही. तिच्या हातची आहे. पण माझं ऐकाल तर बघू नका, भाऊजी. तुम्ही जे शोधताय ते यात नाही. यात ताई कुठेच नाही.”

“मग कोण आहे?”

“तुम्ही,” ती म्हणाली. “सगळ्यांत तुम्हीच आहात.”

६

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी दवाखाना त्यांच्यासाठी उघडला. फिल्म उजेडाच्या पेटीवर सपाट बसावी म्हणून वर काच ठेवली, कॅमेरा स्टँडला उलटा टांगला आणि एकेक चौकट टिपत गेल्या. मग कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं. पहिला फोटो उघडल्यावर त्यांनी तो बघितला, साहेबांकडे बघितलं, आणि बाहेर काहीतरी काम आहे असं सांगून निघून गेल्या.

साहेब पेपर वाचत होते. साहेब फोनवर बोलत होते, तोंड भिंतीकडे. साहेब दाढी करत होते. टीव्हीपुढे जेवत होते. बुटाची नाडी बांधत होते. कपाटात काहीतरी शोधत होते. खिडकीपाशी चहा पीत रस्त्याकडे बघत होते. मग परत पेपर. अख्ख्या रोलमध्ये एकाही फोटोत त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं नव्हतं.

ते एकेक फोटो मोठा करून तिला शोधत राहिले. दाढीच्या आरशात नुसता साबण होता. खिडकीच्या काचेत उजेड, टीव्हीच्या काचेत ताटाचा काठ. घड्याळ, चमचा, बुटाचं चकचकीत टोक, काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. ती कुठेच नव्हती. इतक्या सफाईने ती बाजूला राहिली होती, की साहेबांना तिचं कौतुकही वाटलं आणि रडूही आलं. ते रडले. आत कुणी नव्हतं, म्हणून मोकळेपणाने रडले.

मग डोळे पुसून त्यांनी कागद मागवला. जळक्या गोदामांच्या फोटोंवरून, ते काढणारा कुठे उभा होता हे ते पूर्वी शोधून काढायचे. दाराची चौकट किती तिरकी दिसते, टेबलाचा वरचा भाग किती दिसतो, यावरून जागा कळते, आणि उंचीही कळते. घरातल्या सगळ्या खोल्या त्यांना पाठ होत्या. त्यांनी एकेक फोटो घेऊन जागा लिहायला सुरुवात केली. कागद भरत गेला तसं त्यांना दिसू लागलं, की पहिले फोटो दाराबाहेरून काढलेले आहेत. मग दारातून. मग टेबलापलीकडून. ती जवळ येत गेली होती.

संध्याकाळच्या आत ते घरी आले. फाटकापाशी धाकटी उभी होती, वर येऊ का विचारत होती. साहेब तिला उद्या ये म्हणाले, आणि खरंच ये असंही म्हणाले.

कागद हातात धरून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ती त्यांच्या खांद्याला लागायची, म्हणून त्यांनी गुडघे वाकवले. तिथून बैठकीची खोली वेगळीच दिसत होती, लांब आणि जरा अंधारी, आणि तिच्या टोकाला त्यांची वेताची खुर्ची. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर असे ते सरकत राहिले. गुडघे दुखायला लागले तेव्हा भिंतीला टेकले, आणि परत वाकले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना घरात आपण कुणाच्या तरी बरोबर आहोत असं वाटलं. तिचा चेहरा आठवत नव्हता तो नव्हताच. पण ती कुठे होती ते आता त्यांना नेमकं ठाऊक होतं.

शेवटचा फोटो धुरकट होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, की हा कॅमेरा हातभर अंतराच्या आतलं काही स्पष्ट घेत नाही. म्हणजे ती त्याहून जवळ आली होती. फोटोत साहेबांचा कान होता, चष्म्याची काडी होती, आणि पेपरावरचा हात हलल्यामुळे पुसट झाला होता.

साहेब खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले, अगदी पाठीला लागून. इथे ती उभी होती. त्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर दोन खोल्यांपलीकडेही खाडकन ऐकू यायचं. इथून तर ते त्यांच्या कानाशीच वाजलं असणार. त्यांनी ते ऐकलंही असणार. आणि पेपराचं पान उलटलं असणार.